बुधवारचं जेवण

नाशिक
१० नोव्हेंबर १९९८

दादा,

दिवाळीच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. मागे फोन केला तर माझा नुसता 'हॅलो' ऐकून तू ठेवून दिलास. साधनाला मी सांगितलं, गाळ्यावर गर्दी असेल, कांद्याचा लिलाव चालू असेल. आता मी फोन करणार नाही. कागदाला निदान आपटता येत नाही.

आम्ही पंचवटीतली भाड्याची जागा सोडली आणि अंबडच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट घेतला. पत्राच्या डोक्यावर पत्ता नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मुद्दामच लिहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन जाताना तू घरमालकासमोर म्हणालास, "तुझ्या दाराची पायरी परत चढणार नाही." मग ती पायरी आता कुठे आहे हे कळून तुला काय करायचंय? हवाच असेल तर मागून घेशील. कसा मागशील ते तू बघ.

आणखी एक वाक्य बोलला होतास. आई माझ्याकडे दोन महिने होती, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि तिला नेताना तिची मनगटं हातात धरून तू म्हणालास, "वाळली की रे ही. माणसाला काय वाढावं ते तुला कळत नाही." पायरीचं मी विसरलो असतो. हे नाही विसरता येत. आई रात्री ताटावर बसायची, अर्धी पोळी चिवडायची आणि म्हणायची, पोट भरलं. मी काय करायला हवं होतं?

असो. लिहायला कारण असं की आमच्या मालकांनी, म्हणजे धारणकर साहेबांनी, एक काम माझ्या गळ्यात मारलंय. पुण्याच्या एका मोठ्या गाडी कारखान्याचे दोन साहेब डिसेंबरात आमचा माल बघायला येणार आहेत. त्यांचं काम मिळालं तर आमच्या शेडमधली दोन बंद यंत्रं चालू होतील. दुपारी त्यांना बाहेर जेवायला न्यायचं. कुठे, ते मी ठरवायचं. म्हणजे बघ, तुझ्या मते ज्याला वाढता येत नाही त्याच्याच हातात पळी आली.

आईला नमस्कार सांग. सांगणार नाहीस, पण लिहितो.

शेखर

नाशिक
२२ नोव्हेंबर १९९८

दादा,

तू तिकडे व्यापाऱ्यांना जेवू घालतोस, पण तुझं सोपं आहे. शेवभाजी केली, झणका दिला, की मद्राशी असो नाहीतर बंगाली, सगळे गुमान नाक पुसत जेवतात. माझ्याकडची माणसं ऐक.

पुण्याच्या साहेबांचं मला काहीच वाटत नाही, ते चार गावचं पाणी प्यालेले आहेत. भीती आहे ती आमच्याच माणसांची. हिशेब बघणारे पुराणिक आणि शेडवरचे सानप. दोघांना बरोबर नेल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण दराचं पुराणिकांना कळतं आणि मालाचं सानपांना.

सानप माळकरी. जिथे अंडं फुटतं तिथे ते पाणी पीत नाहीत. बरं, हे मी समजू शकतो, आपल्याकडे सावळीरामकाका तसेच होते. पुराणिकांना मात्र माळ नाही, व्रत नाही, फक्त भीती आहे. जे पूर्वी खाल्लेलं नाही ते खायचं नाही, हा त्यांचा धर्म. बाहेर गेले की आधी भिंतीवरचा फळा वाचतात आणि ओळखीचा पदार्थ दिसेपर्यंत खुर्चीत टेकत नाहीत. पनीरला ते 'तो रबराचा प्रकार' म्हणतात.

मागच्या वर्षी मी यांना कॉलेज रोडवर चायनीज खायला नेलं होतं. हौस माझीच. नाशिक एवढं वाढलं, आपणही थोडं वाढावं असं वाटलं. सानपांनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं आणि ते बाहेर स्कूटरवर जाऊन बसले. पुराणिकांनी नूडल्स काट्यानं उचलून धरल्या, दिव्याकडे बघितलं आणि खाली ठेवल्या. बिल येईपर्यंत त्यांनी वाटीतली बडीशेप संपवली. तेव्हापासून शेडमध्ये मला 'चायनीज साहेब' म्हणतात. मी हसतो, पण लागतं. तुझं वाक्य आठवतं म्हणून जास्त लागतं.

दिवस ठरवण्यातच आठवडा गेला. सोमवारी एकादशी, सानप बाद. मंगळवारी पुराणिकांचा गणपतीचा उपवास, गुरुवारी धारणकर साहेबांचा दत्ताचा. शुक्रवारी अमावास्या, त्या दिवशी मालक नवं काम बोलणार नाहीत. उरला बुधवार, सोळा तारीख. पंचांगानं माझ्यावर एवढी एक कृपा केली.

आता रोज सुटल्यावर स्कूटर काढतो आणि एकेक हॉटेल बघत फिरतो. साधना म्हणते, मुलगी बघायलाही एवढे फिरला नव्हता. पाथर्डी फाट्यावरचं एक बरं होतं, पण तिथे बार आहे. गंगापूर रोडवरच्या एका ठिकाणी नॅपकिनचा मोर करून ग्लासात उभा केला होता. पुराणिकांनी त्या मोराला हातही लावला नसता.

पत्र आईला वाचून दाखवतोस का? पुराणिकांचं तेवढं वाच.

शेखर

नाशिक
३ डिसेंबर १९९८

दादा,

हॉटेल ठरलं!

आपल्या गावाकडून नाशकात शिरताना आग्रा रोडवर आडगाव नाका लागतो ना, त्याच्या अलीकडे डाव्या हाताला 'हॉटेल सुप्रभात' आहे. पुढे दोन बदामाची झाडं आणि पाच-सहा पायऱ्या. तू शंभर वेळा त्याच्यासमोरून गेला असशील आणि एकदाही वळून बघितलं नसशील. मीही नव्हतं बघितलं. त्याच्याकडे बघण्यासारखं काही नाही, तीच तर त्याची खुबी.

ताटात काय, तर वरण-भात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, पोळी किंवा भाकरी, काकडीची कोशिंबीर. गोड हवं तर श्रीखंड. दुसरं काही मागितलं तर वाढपी म्हणतो, नाही. मालक गल्ल्यावर बसून जप करतात. मी दोनदा एकटा जाऊन जेवून आलो. नाव ठेवायला काही सापडलं नाही. सानपांना सांगितलं, तिथे अंडं येत नाही. पुराणिकांना सांगितलं, तिथे फळाच नाही. दोघांचे चेहरे असे उजळले की मला वाटलं, जमलं बाबा.

धारणकर साहेब कुरकुरले, "पुण्याच्या लोकांना वरण-भात?" मी म्हटलं, साहेब, ते आठवड्यातून चार दिवस हॉटेलात खातात, त्यांना वरण-भातासारखं दुसरं काही नाही. हे मी कुठून शिकलो माहीत आहे? आईच्या बोलण्यातून. लग्नाच्या पंगतीतून घरी आली की ती म्हणायची, आता जरा जेवू द्या.

तर सोळा डिसेंबर, बुधवार, दुपारी साडेबारा. खिडकीजवळचं टेबल सांगून ठेवलंय. त्या दिवशी पुराणिकांनी दुसरी पोळी मागितली की मी तुझं वाक्य तुला परत करीन.

आईला सांग, धाकल्यानं हॉटेल शोधलं. थंडी पडली आहे, तिला पहाटे ओसरीवर बसू देऊ नकोस.

शेखर

नाशिक
१३ डिसेंबर १९९८

दादा,

हे पत्र हॉटेलबद्दल नाही.

दोन-तीन दिवस जीव थाऱ्यावर नाही. कारण काही नाही. काम नीट चाललंय, साधना बरी आहे. काल कंपनीत डबा उघडला आणि जेवावंसं वाटलं नाही. पुराणिक म्हणाले, बुधवारची काळजी दिसते. मी हो म्हटलं. पण ती नाही.

आईचा खोकला कसा आहे? दसऱ्याला बाजारात आपल्याकडचा एक माणूस भेटला, तो म्हणाला होता, म्हातारी खोकते. मी तेव्हा यायला हवं होतं. आलो नाही, कारण तू दारात उभा राहशील आणि मला काय म्हणावं ते सुचणार नाही.

बुधवार पार पडला की मी येतो. पुढच्या रविवारी, वीस तारखेला. तू बोललास तर बरं, नाही बोललास तरी आईपाशी बसून येईन. तिला आधी सांगून ठेव, म्हणजे ती उगाच रांधत बसणार नाही. नाहीतर सांगू नकोस. तिला रांधायला आवडतं.

शेखर

शेखर भामरे
सावली अपार्टमेंट, दुसरा मजला, घर नंबर सात
पाण्याच्या टाकीमागे, अंबड, नाशिक
१७ डिसेंबर १९९८

दादा,

रावजी काल माझ्यासोबत मागे राहिला, तो बाहेरच्या खोलीत पडलाय. उद्या सकाळच्या एसटीनं गावी नामपूरला निघेल, त्याच्या हाती हे देतो. आपल्या भाऊबंदांपैकी माझ्या घराची पायरी चढलेला तो पहिला माणूस. काल तुम्हा सगळ्यांना अंधार पडायच्या आत निघायचं होतं आणि जीपमध्ये काका होते, बाकीचे होते, त्यामुळे आपल्याला धड बोलता आलं नाही. मला बोलता आलं नाही, असं म्हणतो.

तू हॉटेलच्या दारात उभा होतास तेव्हा आत काय चाललं होतं ते तुला सांगायला हवं.

सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, दादा. पुण्याच्या साहेबांनी बाह्या सरसावून वरण-भात कालवला होता. सानप हसत होते. आणि पुराणिकांनी मान वर न करता दुसरी पोळी मागितली. मी श्रीखंडाची वाटी हातात घेतली आणि मनात म्हटलं, आत्ता दादानं हे बघायला हवं होतं. खरंच असं म्हटलं. आणि दाराकडे बघितलं.

मी तुला ओळखलं नाही. मुंडण केलेला एक माणूस, मागे तसेच सात-आठ, ओली धोतरं पिळून खांद्यावर टाकलेली. पुराणिक म्हणाले, "अहो, हे दहाव्याचे लोक इथे कसे?" पुण्याच्या साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की गल्ल्यावरच्या माणसानं यांना नेमकं आजच का येऊ दिलं. लिहायला लाज वाटते, पण आलं ते आलं. मग तू मला नावानं हाक मारलीस आणि म्हणालास, "माय गयी रे, भाऊ."

वाटी माझ्या हातातच होती. गोड तोंडात होतं. आईचा दहावा, आणि मी श्रीखंड खात होतो.

उंबऱ्याच्या आत तू आला नाहीस. पायरीवरच उभा राहिलास. सानप उठले. त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि तिथेच, टेबलाशी, तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. धारणकर साहेब म्हणाले, "शेखर, जा. इथलं मी बघतो." पुराणिकांना तू बघितलंस का? ते ताटावरून उठून माझ्या मागे दारापर्यंत आले होते, उजवा हात तसाच खरकटा. मला वाटलं, विटाळ झाला म्हणून कुरकुरत उठले असतील. ते माझी चप्पल शोधत होते.

जीपमध्ये तू जे सांगितलंस ते मी काल नुसतं ऐकलं. आज एकेक कळतंय. माझं हॉटेलचं पत्र पाच तारखेला, शनिवारी आलं, तू ते आईला वाचून दाखवलंस, बडीशेपेचं मागचं पत्रही तिनं परत वाचायला लावलं आणि खोकत खोकत हसली. रविवारी तिनं दोनदा विचारलं, "धाकलानं हाटेल ठरनं ना? जेवतीन ना ती माणसं?" सोमवारी पहाटे गेली.

मग रावजी नवा पत्ता विचारायला पंचवटीत आला. घरमालकानं सांगितलं, अंबडला गेले कुठेतरी. रावजी दोन दिवस अंबडमध्ये कारखान्यांची फाटकं वाजवत फिरला. आमच्या कंपनीची पाटी गेल्या वर्षी बदलली, ते नावही मी तुला कधी कळवलं नव्हतं. काल जेवताना रावजीनं एवढंच म्हटलं, "तुनं घर सापडनं नई रे." तक्रार म्हणून नाही म्हणाला. मला वाटलं, त्यापेक्षा त्यानं चार थोबाडीत द्यायला हव्या होत्या. आईला अग्नी देताना मी नव्हतो, तो एका ओळीच्या पत्त्यापायी. ती ओळ न लिहिण्यात मला केवढा पुरुषार्थ वाटला होता!

दहावा तू मोसमच्या काठी केला असतास. भाऊबंद तेच म्हणत होते, आपल्या नदीचं पाणी काय वाईट आहे, एवढी जीप भरून नाशकात कशाला? काका सांगत होते, तू त्यांना म्हणालास, "बुधवारना दिन दुपारले तो कोठे राही, तेवढंच माले माहीत शे." दिवाळीनंतरच्या माझ्या चारही पत्रांत मिळून एकच पत्ता होता, तो हॉटेलचा. तेवढ्यावर तू आईच्या अस्थी घेऊन आलास. मरणाची खबर देणारं कोपरा फाडलेलं कार्डसुद्धा आलं नाही, असं मी जीपमध्ये बसता बसता तुला सुनावलं. ते शब्द मी परत घेतो.

आता कावळ्याचं. सकाळी रामकुंडावर पिंडाला कावळा शिवला नाही हे तू मला मान खाली घालून सांगितलंस. भाकरी ठेवली, खुडलेली मिरची ठेवली, शेवया ठेवल्या, तिचा चहा ठेवला. धाकल्याला सांभाळीन म्हणालास. धाकल्याला शोधून आणतो म्हणालास. तरी नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. आणि जीपमध्ये तू मला विचारलंस, "तिले काय हवं व्हतं, तुले काही माहीत शे का?"

मला माहीत नव्हतं. तू खिडकीबाहेर बघायला लागलास, तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तुलाही माहीत नाही. दोन वर्षं मी समजत होतो की तुला माहीत आहे.

रामकुंडावर मुंडण करून, तिला पाणी देऊन घरी आलो. साधनानं पाणी तापवून ठेवलं होतं. आंघोळ झाल्यावर तिला कावळ्याचं सांगितलं. ती ओट्यापाशी उभी होती, ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "खारी."

मी म्हटलं, काय?

दादा, आपल्या आईला खारी आवडायची. बेकरीतली खारी, पापुद्र्यांची. पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती. रोज दुपारी चारला ती साधनाला पाठवायची आणि दोघी दारामागे बसून चहात बुडवून खायच्या. एक नाही, दोन नाही, चार-चार, पाच-पाच. मी घरी यायच्या आत पदरावरचा भुगा झटकून टाकायची. साधनाला तुझं नाव घेऊन बजावून ठेवलं होतं, "देवरामले सांगू नको हां, सारं गाव हसी." जन्मभर जिनं भाकरीशिवाय दुसरं तोंडात घातलं नाही असं आपण समजत होतो, ती आमच्या घरात चोरून बेकरीचं खात होती. म्हणून रात्री ताटावर तिला भूक नसायची. वाळली ती ऑपरेशनच्या पथ्यानं आणि वयानं, दादा. उपाशी नव्हती.

मी साधनावर ओरडलो. एवढं भांडण झालं, दोन वर्षं गेली, तू हे सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "आईंना शब्द दिला होता. आणि तुम्हा दोघा भावांपैकी मला विचारलं कोणी?"

तुला यावर उत्तर सुचतं का बघ.

आज संध्याकाळी पुराणिक आले होते. सुतकाच्या घरी, आधी न कळवता, पहिल्यांदाच. साधनानं विचारायचं म्हणून चहा विचारला. त्यांनी घेतला. सोबत काल मी आणलेली खारी होती, तीही खाल्ली. विचारलं नाही, कशाची आहे. पुण्याचं काय झालं ते त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही.

मी परवा तेराव्याला येतोय. साधना बरोबर आहे. खारीचा पुडा आणतोय, तो कोणाला न सांगता आईच्या पानात वाढायचा. काका विचारतील हे काय, तर तू सांग. थोरला आहेस, तुझं ऐकतील. गाव हसलं तर हसू दे.

पत्ता वर लिहिला आहे. टाकीच्या मागे आलास की डाव्या हाताला पिवळा जिना. पायरी चढायची नसेल तर खालून हाक मार. मी खाली येईन.

शेखर